धुण्याची पावती

लग्नसराई संपली की पाटणमधल्या घरांतून शालू, कोट ड्रायक्लीनिंगला जातात. तिथे पाण्याऐवजी रसायनात कपडे स्वच्छ होतात. पावती मिळते, पैसे मुकाट दिले जातात. बाकीचे रोजचे धुणे मात्र बाईचे. त्याला ना पावती, ना मोल.

बैठकीत बायांना विचारले, "तुम्ही काय काम करता?" तर उत्तर येते, "काही नाही, घरीच असते." गोधड्या पिळून मनगटे भरून आलेली असतात, तरीही! सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८. पुढाऱ्याच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यामागेही बहुधा बाईचेच हात असतात. सभेत त्यांचे नाव निघत नाही.

यंत्र आले की प्रश्न सुटला, असे म्हणतात. पण कपडे गोळा करणे, वाळत घालणे, घड्या करणे बाईकडेच राहते.

आपल्याला घरात पावतीपुस्तक नको आहे. मागणी साधी आहे : ज्याचे कपडे त्याने धुवावेत, मुलग्यांनीसुद्धा. आणि कोयनेकाठी धुण्यासाठी पक्का घाट हवा, हे ग्रामसभेत बायांनीच उठून मांडावे. मैत्रिणींनो, सुरुवात घरातल्या बादलीपासून करू या!