पर्वतमाथ्यावरचे पेव

जुन्या काळी शेतकरी आपले धान्य पेवात साठवीत असे. पुढचे वर्ष कसे निभेल हे ठरवायचे, तर पेवात धान्य किती आहे हे आधी ठाऊक हवे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पाण्याचे पेव मात्र पर्वतमाथ्यावर असते. तेथील उन्हाळा कोरडा. हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतावर साचलेले बर्फ वसंतात वितळू लागते आणि खालच्या खोऱ्यांतील शेते व शहरे बरीचशी त्याच पाण्यावर उन्हाळा काढतात. हे पेव मोजण्याची युक्ती एका भाषेच्या प्राध्यापकाने काढली, हे वाचून वाचकांना नवल वाटेल.

डॉ. जेम्स चर्च हे रीनो येथील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवीत. त्यांना हिवाळ्यात डोंगर चढण्याचा नाद होता. सुमारे पावणेअकरा हजार फूट उंचीच्या माउंट रोझ शिखरावर त्यांनी १९०५ साली हवामानाची वेधशाळा उभारली. जवळच्या टाहो सरोवराच्या पाण्यावरून तेव्हा तंटा चालू होता. पाणी चढून आपली जमीन बुडेल, अशी काठच्या रहिवाशांना धास्ती. खालच्या लोकांना मात्र सरोवर भरलेले हवे. भांडण होते ते अद्याप न वितळलेल्या पाण्याचे!

बर्फाची नुसती उंची मोजून भागत नाही. ताजे, भुसभुशीत बर्फ दहा इंच असले, तरी त्यात पाणी जेमतेम एक इंच निघते. दबून घट्ट झालेल्या बर्फात तेच तीन-चार इंच भरते. म्हणून चर्च यांनी बर्फ तोलायचे ठरविले. दातेरी तोंडाची पोलादी नळी तळापर्यंत खुपसावयाची, आतल्या बर्फासह बाहेर काढावयाची आणि तराजूला टांगावयाची. नळीचा व्यास असा नेमका बेतला, की एक औंस वजन म्हणजे एक इंच पाणी. ठरलेल्या जागी दरवर्षी असे तोलले, की यंदाचा साठा सरासरीच्या किती टक्के आहे हे कळते आणि त्यावरून नदीला येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. १९१०-११ च्या हिवाळ्यानंतर सरोवर किती चढेल, याचा अदमास त्यांनी याच रीतीने केला, आणि त्या तंट्यात दोन्ही पक्षांपुढे ठेवण्याजोगा एक आकडा आला.

१९४७ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हे गृहस्थ हिमालयातील बर्फमापनाच्या कामासाठी भारतातही येऊन गेले. सतलजसारख्या आपल्या नद्यांनाही उन्हाळ्यात बर्फाचेच पाणी येते.

पुढे नळीच्या जोडीला द्रवाने भरलेल्या सपाट उशा आल्या. त्यांवर साचलेल्या बर्फाचा भार यंत्र आपोआप कळविते. २०१३ पासून विमानातून लेसर किरणांनी संपूर्ण खोऱ्यातील बर्फाची जाडी मोजण्यास आरंभ झाला. परंतु साधने सुधारली तरी निसर्ग चकवितोच. १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील फिलिप्स या मोजणीच्या जागी बर्फाचा कणही नव्हता. त्या कोरड्या गवतावर उभे राहून राज्यपालांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. २०२१ साली तर बर्फ असूनही अंदाज फसला. आदल्या वर्षी तहानलेल्या जमिनीने वितळलेले पाणी वाटेतच पिऊन टाकले, काहीचे बाष्प झाले, आणि धरणांत अपेक्षेहून फार कमी पाणी पोहोचले.

अशा वेळी नुकसान कागदावरच्या आकड्याचे होत नाही. एप्रिलच्या अंदाजावर भरवसा ठेवून ज्याने पेरणी केली, त्याचे शेत जुलैत करपते. म्हणून आता बर्फाबरोबर त्याखालच्या मातीचा ओलावाही मोजतात. पेवातले धान्य मोजले, तरी घरी आणताना वाटेत किती सांडेल, याचाही हिशेब ठेवावा लागतो, हा आपल्या आजीबाईंचा संसारी शहाणपणा शास्त्रज्ञांनाही शेवटी शिकावा लागला.