ऋतू चुकलेले दुकान

बाजारात उतरताना गाठीला पैसा किती आहे, याची चौकशी सर्वजण करतात. गिऱ्हाईक कोण, त्याची सवय काय, ही चौकशी बहुधा नंतर, पुष्कळदा पैसा संपल्यावर होते. ऑस्ट्रेलियात 'मास्टर्स' या नावाने घरबांधणी आणि घरदुरुस्तीच्या सामानाची जी प्रचंड दुकाने उभी राहिली आणि जेमतेम पाच वर्षांत बंद पडली, त्यांची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

वूलवर्थ्स हा ऑस्ट्रेलियातील किराणा व्यापारातला बलाढ्य समूह. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या वेसफार्मर्सकडे 'बनिंग्स' ही हार्डवेअर दुकानांची साखळी होती आणि २००७ मध्ये त्याने कोल्स हा किराणा समूहही विकत घेतला. घरात शिरलेल्या शत्रूला त्याच्या घरात जाऊन उत्तर द्यायचे, अशा ईर्ष्येने वूलवर्थ्सने २००९ मध्ये अमेरिकेतील लोज् या कंपनीशी भागीदारी केली. एक तृतीयांश वाटा लोज्‌चा. सप्टेंबर २०११ मध्ये मेलबर्नच्या ब्रेब्रुक या उपनगरात पहिले दुकान उघडले. बनिंग्सने आपले पहिले वखारवजा भव्य दुकान १९९४ मध्ये उघडले होते ते शेजारच्याच सनशाइनमध्ये. आव्हान थेट उंबरठ्यावर जाऊन दिले होते म्हणायचे!

दुकाने देखणी होती, यात शंका नाही. रुंद वाटा, लखलखीत दिवे, रंग आणि नळांच्या जोडीला फ्रिज आणि धुलाई यंत्रेही. पण सुतार, गवंडी, प्लंबर ही या व्यापारातली पक्की गिऱ्हाइके. सकाळी कामावर जाता जाता पाव तासात खिळे, पाइप आणि लाकूड उचलून निघायचे, ही त्यांची रीत. त्यांना देखणेपणाशी काय देणेघेणे? त्यातच मालाचे नियोजन अमेरिकी वहिवाटीने झाल्याचे तेव्हा बोलले गेले. ऐन उन्हाळ्यात खोल्या गरम करणारे हीटर मांडले गेल्याचे किस्से वृत्तपत्रांत आले. दक्षिण गोलार्धात डिसेंबरात उन्हाळा असतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोट्यवधी डॉलरच्या नियोजनात तेवढे निसटले.

बनिंग्सही स्वस्थ बसली नाही. तिने भाव उतरवले, नवी दुकाने उघडली. तिची मुळे १८८६ मध्ये पर्थ येथे बनिंग बंधूंनी सुरू केलेल्या धंद्यात. तिची मालक कंपनी वेसफार्मर्स १९१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांची सहकारी संस्था म्हणून जन्मली. दुकानाच्या दाराशी स्थानिक क्रीडा मंडळे आणि शाळा सॉसेज भाजून विकतात आणि आपल्या कामासाठी निधी जमवतात, ही तिथली जुनी प्रथा. शनिवारी दुकानात येणारा माणूस केवळ खरेदीला येत नसे, त्याला तिथे आपल्या वस्तीतली माणसे भेटत. हे भांडवल ताळेबंदात दिसत नाही.

२०१५ च्या आर्थिक वर्षात मास्टर्सची विक्री सुमारे ९३ कोटी डॉलर आणि तोटा २४ कोटी डॉलरच्या वर होता. जानेवारी २०१६ मध्ये वूलवर्थ्सने माघार जाहीर केली, ११ डिसेंबर २०१६ रोजी उरलेली दुकाने बंद झाली. एकूण फटका ३०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक मानला जातो. त्या वर्षी वूलवर्थ्सला १२३ कोटींचा निव्वळ तोटा झाला. १९९३ मध्ये शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला. नियोजन करणाऱ्यांना दुसरी पदे मिळतात. दुकानात उभे राहणाऱ्या हजारो कामगारांपुढे मात्र दुसऱ्या नोकरीचा प्रश्न उभा राहिला.

जेत्याने यातून काही शिकावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. परंतु मास्टर्सच्या माघारीची घोषणा ताजी असतानाच, फेब्रुवारी २०१६ मध्ये वेसफार्मर्सने ब्रिटनमधील 'होमबेस' ही साखळी ३४ कोटी पौंडांना विकत घेतली आणि तेच केले, जे वूलवर्थ्सने केले होते. होमबेसची जुनी वरिष्ठ मंडळी घरी पाठवली. पडदे, उशा, शोभेच्या वस्तू यांसाठी येणाऱ्या ब्रिटिश गृहिणींचे विभाग गुंडाळले आणि तिथे ऑस्ट्रेलियाच्या धर्तीचा माल मांडला. ज्यांच्यामुळे दुकान चालत होते त्यांनीच पाठ फिरवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर हिशेबातून वजा करावे लागले आणि मे २०१८ मध्ये संपूर्ण साखळी हिल्को या कंपनीला विकली गेली. किंमत, एक पौंड.

हिल्कोने दुकानांवर पुन्हा होमबेसचीच पाटी लावली. तीही टिकली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि त्यांतली ७० पर्यंत दुकाने 'द रेंज'च्या मालकांनी घेतली.