‘जर चंद्रपूर, तर…’

दिवाळीच्या फराळाबरोबर हे संगणकाचे पुराण कशाला, असे वाचक म्हणतील. पण गावाचे कागद आता संगणकात गेले आहेत, आणि आमच्या झाडीपट्टीतील सरपण, चराई नि घराचे लाकूड कागदावरच्या हक्कानेच मिळते. तेव्हा आज्ञावली कशी लिहावी, हा प्रश्न चुलीपर्यंत येतो.

आज्ञावली लिहिणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, “साऱ्या राज्याला एकच नियम!” दुसरा उदार, तो जागोजागी ठिगळ लावतो, “जिल्हा चंद्रपूर असेल, तर असे करा.” पहिल्याचा अन्याय उघड दिसतो, दुसऱ्याचा दबा धरून बसतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्या दिवशी अशी आज्ञावली चालू असती, तर तिकडच्या गावांचा निस्तार एका रात्रीत नाहीसा झाला असता! जंगल तेच, माणसे तीच. बदलले केवळ जिल्ह्याचे नाव. शंभर ठिगळांतले एक जरी शोधायचे राहिले, तरी कुणाची तरी चूल विझणारच.

यापेक्षा आमचा कायदा शहाणा. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सर्वांना एक घडी दिली, आणि निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांसाठी विदर्भापुरते एक प्रकरण वेगळे राखले. वेगळेपण एका जागी! पुढच्याच वर्षी नॉर्वेतील डाल आणि न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला 67’ या भाषेतून तशीच युक्ती संगणकाला शिकवली. ‘हक्क’ हा मूळ वर्ग. ‘निस्तार’ हा त्याचा वारस उपवर्ग. मूळचे सारे घ्यावे, आपल्यापुरते तेवढे बदलावे. विचारणाऱ्याने एवढेच म्हणावे, “तू काय देतोस?” उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये मिळाला तसा सामूहिक वनहक्क आला, तर नवा उपवर्ग जोडावा; वर्षानुवर्षे बिनचूक चाललेल्या ओळींना हात लावू नये.

“उपवर्गांचे जंगल माजेल,” असा आक्षेप येतो. माजेल खरे, वारस मूळचे वचन मोडू लागले तर! ते त्यांनी पाळलेच पाहिजे, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्येच बजावले आहे. तेवढे पाळा, मग जंगलात राहणाऱ्यांना जंगलाचे भय घालू नका. आम्हांला भय आहे ते ठिगळांचे.