वसतिगृहात शिक्षकाचीही एक खोली हवी

'ट्यूटर' म्हटले की आपल्याला शिकवणीचे मास्तर आठवतात. केंब्रिजच्या कॉलेजांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे विषयाचा अभ्यास करून घेणारा शिक्षक निराळा, त्याला सुपरवायझर म्हणतात. ट्यूटर म्हणजे विद्यार्थ्याची विचारपूस करणारा. पोराचे मन लागते आहे का, पैशाची अडचण आहे का, दुखले-खुपले आहे का, हे पाहणे त्याचे काम. शेकडो वर्षे जुन्या विद्यापीठाला हे काम स्वतंत्र माणसाकडे सोपवावेसे वाटले, यात मला फार मोठे शहाणपण दिसते.

अशा निवासी कॉलेजाचे उदाहरण शोधायला आपल्याला विलायतेला जायला नको. पुण्याचे डेक्कन कॉलेज १८६८ साली येरवड्याच्या आवारात गेले. गावापासून लांब, नदीजवळ, विद्यार्थी तिथेच राहणारे. टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीत जास्त घालवले आणि शरीर कमावले, हे आपण शाळेत वाचलेले असते. पुढे १८७९ च्या सुमारास टिळक कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत होते, तेव्हा दोघांच्या तिथे तासन् तास चर्चा होत. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला आयुष्य द्यायचे, हा निश्चय या चर्चांतून झाला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

हा निश्चय कुठल्या तासाला झाला? कुठल्याच नाही! तो झाला तास संपल्यावर. आणि एकत्र राहिल्याने दोघांची मते एक झाली असेही नाही. पुढे दोघांत केवढे मतभेद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एकत्र राहण्याने माणसे एकसारखी होत नाहीत, पण आपल्यापेक्षा वेगळा माणूस जवळून कळतो. माझ्या मते निवासी शिक्षणाचा खरा फायदा हाच.

हा फायदा फक्त विद्यार्थ्यांना होतो असे समजू नये. १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तिथले डॉ. ह. धी. सांकलिया विद्यार्थ्यांना घेऊन नेवासे, नावडातोली अशा ठिकाणी उत्खननाला जात. मुक्काम तिथेच, राहुट्यांत. गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वाचे सांकलिया आणि मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वे यांनी मिळून काम केले. दोन विषयांचे अध्यापक रोज भेटू लागले की अशी कामे निघतात.

मी साधा शाळामास्तर. पण मुक्कामाच्या सहलीत मलाही याचा थोडा अनुभव आला. वर्गात कधी तोंड न उघडणारा, मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा रात्री आकाशाकडे बोट दाखवून म्हातारीची बाज आणि तीन चोर यांची गोष्ट सांगू लागला. बाज म्हणजे सप्तर्षींचे चार तारे, आणि चोर म्हणजे शेपटीचे तीन! सगळी पोरे त्याच्याभोवती गोळा झाली. पुढे लोककथा शिकवताना मी ती गोष्ट दर वर्षी सांगत असे. पस्तीस मिनिटांच्या तासात ती मला कधीच मिळाली नसती.

आज काय दिसते? विद्यापीठाच्या वसतिगृहात रेक्टर असतात, पहारेकरी असतो, मेसचा ठेकेदार असतो. पण संध्याकाळी सहज दार ठोठवावे असा शिक्षक क्वचितच असतो. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. ही मदत अत्यंत गरजेची आहे, ती वेळेवर मिळाली पाहिजे. पण पैशाने कॉट मिळते, सोबत मिळत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला फॉर्म कसा भरायचा इथपासून, नापास झालो तर घरी काय सांगायचे इथपर्यंत, कुणाला तरी विचारायचे असते.

यावर कुणी म्हणेल, शिक्षक वसतिगृहात राहू लागले की मुलांवर, विशेषतः मुलींवर, आणखी एक पहारा बसेल. शंका रास्त आहे. म्हणून या शिक्षकाच्या हातात हजेरी, शिक्षा किंवा गुण यांतले काहीही नसावे. आठवड्यातून चार वेळा त्याने मुलांच्या पंगतीत जेवावे, तेच अन्न, तीच आमटी. मेसही आपोआप सुधारेल!

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. असा शिक्षक आणायचा कुठून? आज कितीतरी तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत. ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही हे माहीत नसते, त्याच्याकडून तासानंतरच्या वेळेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आधी जागा कायम भराव्यात. मग वसतिगृहात राहणाऱ्या शिक्षकाला राहते घर द्यावे, त्याचे काही तास कमी करावेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ मध्ये वसतिगृह काढले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांची आई झाल्या. पोरांच्या जेवणासाठी त्यांनी दागिने मोडले. आज कुणाच्या मंगळसूत्रावर वसतिगृह चालावे असे मी म्हणणार नाही. तो भार सरकारने आणि विद्यापीठानेच उचलायला हवा. पण प्रत्येक वसतिगृहात एक खोली अशी असावी, जिथे रात्री साडेनऊला दिवा दिसतो आणि आत शिरायला अर्ज लागत नाही. एवढे मागणे फार आहे का?