दात बसवा, पण पावती घेऊन

मुरुड तालुक्यातील एक किराणा व्यापारी आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पोते फोडून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यांनी आजवर तांदळाचा सौदा केलेला नाही. वाशीच्या बाजारात त्यांच्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. याच गृहस्थांनी चार वर्षांपूर्वी मुंबई परिसरातील एका दवाखान्यात खालच्या जबड्यात दोन दाढा 'इम्प्लांट'च्या पद्धतीने बसवून घेतल्या. लाखाच्या घरात रक्कम मोजली. गेल्या हिवाळ्यात त्यांतली एक दाढ हलू लागली. ते मुंबईला गेले तर दवाखान्याच्या जागी मोबाईलचे दुकान! दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की आतला स्क्रू शाबूत आहे, फक्त वरचा जोड ढिला झाला आहे. काम तासाभराचे होते. पण स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, असे विचारताच आमच्या मित्रांनी खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड आणि पेन्सिलीने आकडा लिहिलेली चिठ्ठी काढली. दुसरा कागदच त्यांच्याजवळ नव्हता.

दहा रुपयांच्या मालाची पावती मागणारा आपला व्यापारी लाख रुपयांच्या मालाची पावती का मागत नाही? डॉक्टरांपुढे बोलायचे कसे, हा संकोच. शिवाय दात ही खरेदी आहे असे आपल्याला वाटतच नाही. आमच्या मते ती खरेदी आहे, आणि साधीसुधी नव्हे. होडीला इंजिन बसवताना राजपुरीचा किंवा दिघीचा मच्छीमार पहिला प्रश्न विचारतो, "याचे सुटे भाग मिळतील कुठे?" दाताच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असायला हवा.

ही वस्तू काय आहे ते आधी पाहू. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा एक स्क्रू बसवतात. त्याची जाडी साधारण चार मिलिमीटर आणि लांबी एक सेंटिमीटरच्या आसपास असते. तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला धरून घट्ट होते. मग त्यावर जोडणीचा एक तुकडा, ज्याला डॉक्टर 'अबटमेंट' म्हणतात, आणि त्यावर दाताच्या आकाराची टोपी चढते. एका कंपनीचा जोड दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर सहसा बसत नाही. स्वित्झर्लंड, स्वीडन, अमेरिका, कोरिया, इस्रायल आणि आता आपल्या देशातही हा माल बनतो. बाजारात शेकडो बनावटी आहेत.

या शोधाची कथाही ऐकण्यासारखी आहे. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण तपासत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर काढू गेले तर निघेना. हाडाने धातूला आपलेसे केले होते. १९६५ साली गॉथेनबर्ग शहरात त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर ते दात त्याच्या तोंडात काम देत होते. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनी ही पद्धत उचलली. आणि गंमत अशी की या मालाचे कारखान्यात उत्पादन सुरू करण्यासाठी ब्रोनेमार्क यांनी हात मिळवला तो बोफोर्सशी! तोफांसाठी आपल्याकडे घराघरांत नाव झालेली तीच ही स्वीडिश कंपनी.

तुटक्या दाताची फिकीर माणसाने फार पूर्वीपासून केली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधील कुर्तुबा शहराजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधावेत, आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडातून कोरलेला दात बसवावा, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे.

आपल्याकडे एक शंका नेहमी निघते. शरीरात परकी वस्तू बसवणे जायज आहे काय? हजरत अर्फजा (र.) यांचे नाक लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक लावले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले, अशी हदीस आहे. सोन्याने दात बांधण्याची मुभा बहुतेक फुकहांनी याच हदीसवरून काढली आहे. टायटॅनियम तर सोनेही नव्हे. वुजू-गुस्लच्या बारीक प्रश्नांसाठी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. कोकणातले आपण बहुतेक शाफई असल्याने दुसऱ्या मसलकाचे ऐकीव उत्तर घेऊन गोंधळ वाढवू नये.

खरा विचारण्यासारखा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. दात काढून बरीच वर्षे झाली की तिथले हाड झिजते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मग स्क्रू बसवण्याआधी हाडाची पूड भरावी लागते आणि वर पातळ पडदा ठेवावा लागतो. ही पूड पुष्कळदा गाय-बैलाच्या हाडापासून केलेली असते, आणि पडद्यांपैकी काही प्रचलित बनावटी डुकरापासून काढलेल्या असतात. डॉक्टर हे मुद्दाम लपवतात असे नाही. कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. कारखान्यात बनवलेली कृत्रिम पूड मिळते, पुष्कळ वेळा रुग्णाचे स्वतःचे हाडही वापरता येते. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल दिल्यावर नव्हे, पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे.

आता पैशाकडे वळू. एका दाताला सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस हजारांपासून सुरुवात होते. नामांकित परदेशी बनावट आणि चांगली टोपी घेतली तर आकडा त्याच्या दुपटीवर जातो. हाडाची पूड भरावी लागली तर तिचा खर्च निराळा. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी अपघात सोडून दाताचा खर्च देत नाहीत. म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर 'सुलभ हप्ते' अशी पाटी असते. ज्याला व्याज टाळायचे आहे त्याने या पाटीखालची बारीक अक्षरे वाचावीत. 'बिनव्याजी' हप्त्यात फायनान्स कंपनीचा फॉर्मचा खर्च असतो, उशिराचा दंड असतो, आणि रोखीने देणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. आमचे मत असे की मुळात कर्जाची गरजच कमी आहे. हे काम टप्प्याटप्प्याने चार-सहा महिने चालते. स्क्रू बसवताना निम्मे पैसे आणि टोपी चढवताना निम्मे, असा व्यवहार डॉक्टरांशी सरळ बोलून ठरवता येतो. मालाआधी पूर्ण रक्कम देण्याची रीत आपल्या कोणत्या धंद्यात आहे? 'आजच भरल्यास तीस टक्के सूट' असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे.

'एका दिवसात दात' ही जाहिरातही सध्या जोरात आहे. काही रुग्णांच्या बाबतीत त्याच दिवशी तात्पुरती टोपी चढवता येते, हे खरे आहे. हाड मजबूत असावे लागते आणि स्क्रू पहिल्याच फेरीत घट्ट बसावा लागतो. सुट्टी संपवून कुवेत-दुबईला परतणाऱ्या आपल्या मुलांना ही जाहिरात फार भुलवते. त्यांना आमचा सल्ला आहे की एका सुट्टीत स्क्रू बसवावा, पुढच्या सुट्टीत टोपी. मधल्या काळात हाडाला निवांत जुळू द्यावे, आणि कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवावेत. रमजानच्या तोंडावर हे काम काढू नये; औषधांच्या वेळा सांभाळताना रोजांची ओढाताण होते.

कारागिरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. आपल्या सुताराच्या ओठांत खिळे असतात, शिंपी दाताने धागा तोडतो, जाळे विणणारा दाताने दोरी ओढून गाठ आवळतो. दात म्हणजे त्याचा तिसरा हात. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक बारीक पापुद्रा असतो. दाताखाली खडा आला की तोच आपल्याला सावध करतो आणि जबडा आपोआप सैल होतो. स्क्रूच्या दाताला हा पापुद्रा नसतो. ताण किती पडला ते त्याला कळत नाही, आणि टोपीचा टवका उडाल्यावर मालकाला कळते. तेव्हा स्क्रूचा दात बसवणाऱ्या शिंप्याने कात्री जवळ ठेवावी. कातरलेली सुपारीसुद्धा त्या बाजूने चावू नये. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या गावात हे लिहायला धैर्य लागते, पण लिहिणे भाग आहे.

तंबाखू, मिश्री आणि विडी यांबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. गुटख्यावर राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या जबड्यात स्क्रू निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत दहा वर्षांनी शंभरातले नव्वदाहून अधिक स्क्रू टिकतात, पण तो हिशेब रोज दात घासणाऱ्याचा आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जाणाऱ्याचा आहे. स्क्रूच्या दाताला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सडते आणि हाड खचते.

इतके सांगून हेही म्हणतो की प्रत्येकाला इम्प्लांटची गरज नाही. शेजारचे दोन दात आधीच टोप्या घातलेले असतील तर 'ब्रिज' हा चांगला उपाय आहे. मात्र शेजारचे दात निरोगी असताना ते कानसून ब्रिज बसवणे म्हणजे एका भिंतीसाठी दोन भिंती पोखरणे. आणि कवळीची लाज कशाला? चांगली बसलेली कवळी वर्षानुवर्षे काम देते. सगळे दात गेलेल्या वडीलधाऱ्यांची खालची कवळी बोलताना, जेवताना सरकते. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. खालच्या जबड्यात दोनच स्क्रू बसवून कवळी त्यांवर बटणासारखी अडकवतात. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले. सबंध जबड्याला सहा-आठ स्क्रू सुचवणाऱ्या डॉक्टरांना या दोन स्क्रूंबद्दल जरूर विचारावे.

राहिला कागदाचा प्रश्न. इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव, माप आणि लॉट नंबर छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या कार्डावर लावून मागावी, एक्स-रेची प्रत घ्यावी, आणि पक्के बिल घ्यावे. ज्या डॉक्टरकडे ती डबी तुमच्यासमोर उघडत नाहीत, तिथे थोडे थांबलेले बरे. डॉक्टरची राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी आहे की नाही हे पाहण्यात अपमान कसला? पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे उपचार दादरला झाले तरी म्हसळ्याच्या माणसाला अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. पण बिल नसेल तर आयोगापुढे ठेवणार काय?

आमच्या किनाऱ्यावरील जमातींपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. कामोठे आणि खारघर येथील दंत महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहेत. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, बोरीबंदरजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त लागतो, शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो आणि नोंदवही जागेवर राहते. अडचण आहे ती फेऱ्यांची. श्रीवर्धनहून पाच-सहा वेळा जाणे म्हणजे कारागिराची पाच-सहा दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. बोर्ली पंचतन, म्हसळा, मुरुड, रेवदंडा येथील जमातींनी मिळून महिन्यातून एक ठरावीक दिवस धरला, एक गाडी केली आणि महाविद्यालयाशी आधी बोलून ठेवले, तर एकाच दिवशी पंधरा-वीस माणसांचे काम होईल. लग्नाच्या हॉलवर आपण जेवढा खर्च करतो त्याच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. जकातीचा पैसा यात कुठवर चालतो ते उलेमांनी सांगावे. गाडीभाड्यासाठी सदका आणि वर्गणी पुरेशी आहे.

मुरुडच्या आमच्या मित्रांचे काम अजून रखडलेले आहे. नव्या डॉक्टरांनी एक्स-रेवरून स्क्रूची बनावट ओळखण्याचा प्रयत्न चालवला आहे. दोन कंपन्यांचे जोड लावून पाहिले, बसले नाहीत, आता तिसऱ्या कंपनीचा मागवला आहे. तोवर आमचे मित्र एकाच बाजूने जेवतात.