भूगर्भांतील ऊन पाणी आणि त्याचा हिशेब

कोळशाचा धूर नको, तेलाची टंचाई नको, धरित्रीच्या पोटांतील उष्णता फुकट मिळते; तर मग विहीर खणावी आणि वीज काढावी, असें म्हणणारे पुष्कळ आढळतात. या उष्णतेचा उपयोग करावा हें आमचेंही मत आहे. परंतु ती फुकट मिळते, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. खडक आणि पाणी यांचा आपसांतील हिशेब वाचल्यावांचून जो तिला हात घालील, त्यास नुकसान सोसावें लागेल.

इटलींत लार्देरेल्लो येथें 1904 सालीं भूगर्भांतील वाफेच्या बळावर विजेचे पांच दिवे लागले. तेव्हांपासून ही विद्या वाढत आली. खोल मुरलेलें पाणी तप्त खडकांत कोंडलें म्हणजे तें स्वस्थ बसत नाहीं. गारगोटीचेंच उदाहरण घ्या. थंड पाण्यांत ती जवळजवळ विरघळत नाहीं. परंतु 250 अंश सेंटिग्रेडच्या, दाबाखालीं द्रवरूप राहिलेल्या पाण्याच्या एका किलोग्रॅमांत ती सुमारे 480 मिलिग्रॅम विरघळते. हें पाणी वर येऊन निवालें कीं ती सिलिका नळांच्या आंत दगडासारखी बसते. चुन्याची तऱ्हा निराळी. पाणी उकळून त्यांतील कार्बन डायॉक्साइड निघून गेला कीं चुनखडी विहिरींतच सांचून वाट बुजवूं लागते. उलट, सिलिकेच्या प्रमाणावरून खालीं उष्णता किती असावी याचा अंदाज रसायनशास्त्रज्ञास वरूनच करतां येतो. हें पाणी म्हणजे खडकानें धाडलेलें पत्रच होय.

पत्र न मानल्यास काय होतें? न्यूझीलंडांत वैराकेई येथील वीजगृह 1958 सालीं सुरू झालें. वापरलेलें पाणी अनेक वर्षें वाइकाटो नदींत सोडलें जाई, आणि त्याबरोबर खडकांतून सुटलेला सोमलाचा अंशही जाई. भूगर्भांतील दाब उतरल्यामुळें तेथील जमीन एके ठिकाणीं दहा मीटरांहून अधिक खचली.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, घेतलेलें पाणी भूमीस परत देणें हें कर्तव्य समजावें. यास खर्च येतो, आणि परत सोडलेल्या पाण्यांतील सिलिका खडकाचीं छिद्रें बुजविते, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरील उपायही रसायनशास्त्रांतच सांपडतो: पाणी फार निवूं देऊं नये, किंवा त्याची आम्लता थोडी वाढवावी. आइसलंडांत तर याहून पुढें मजल गेली आहे. हेटलिशेइदी येथें 2012 सालीं पाण्यांत कार्बन डायॉक्साइड विरघळवून तें बसाल्ट खडकांत सोडलें. दोन वर्षांच्या आंत त्यांतील 95 टक्क्यांहून अधिक वायूचें खनिज बनलें, असें 2016 सालीं प्रसिद्ध झालें. खडकाचा स्वभाव ओळखला तर तो साहाय्यच करितो.

आपल्या दख्खनचा काळा पाषाणही बसाल्टच आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथें उद्यां कोणी विहीर खणूं म्हणेल, तर प्रथम पाण्याचें पृथक्करण करावें आणि मग यंत्राची किंमत विचारावी. पालकहो, मुलाच्या हातीं परीक्षानळी दिसली तर हा निरुपयोगी खेळ आहे असें म्हणूं नका. विद्यार्थिमित्रांनो, विरघळणें आणि सांका बसणें हे धडे केवळ परीक्षेपुरते पाठ करूं नका. एखाद्या नदीचें पाणी पिण्याजोगें राहील कीं नाहीं, हें पुढें तुमच्यापैकींच कोणास ठरवावें लागेल.