नळ मोजले, पाणी कधी मोजणार?

लिंबागणेश असो की बालाघाटच्या रांगेतलं दुसरं कुठलं गाव, उन्हाळ्यात घरासमोर ड्रम दिसतातच. या ड्रमांचा हिशेब सरकारी आकड्यांत कुठे आहे?

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. कागदावरची व्याख्या चांगली आहे: माणशी रोज ५५ लिटर, नियमित आणि बीआयएस १०५०० मानकात बसणारं पाणी. पण डॅशबोर्डवर ठळक दिसतो तो नळजोडणीचा आकडा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बसवलाय, म्हणजे तो चालतोय, असं मी म्हणालो तर मला कुणी दारात उभं करणार नाही. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर लागतात. पाणी आठ दिवसांनी येत असेल तर एका फेरीत २,२०० लिटर भरायला हवं, म्हणजे दोनशे लिटरचे अकरा ड्रम. कुणाच्या अंगणात अकरा ड्रम आहेत? तरी यादीत त्या घरी 'नळ आहे'!

दर्जाचं तर विचारूच नका. टीसीएल टाकली की झालं, असं आपण धरून चालतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ओटी टेस्टने ते मिनिटभरात कळतं, पाणी पिवळं होतं. ही टेस्ट टाकीजवळ करून उपयोग नाही, ती शेवटच्या गल्लीत व्हायला हवी. शेवटची गल्ली बहुधा कुणाची असते, हे या वाचकांना सांगायला नको.

२०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास मोजले, पण खड्ड्यातलं पाणी कुठे मुरतं? काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते शेजारच्या बोअरमध्ये उतरू शकतं आणि नायट्रेट वाढवतं. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, तिच्यात सूट नाही. टीसीएलने ते जात नाही आणि पाणी उकळून आटवलं तर उलट दाट होतं. धोका सगळ्यात जास्त बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला.

ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्यासाठी पाहणी होते ती पावसाळ्याआधी आणि नंतर. वर्षातून दोनदा! पाणी मात्र आपण रोज पितो.

मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: त्या पाच जणी कोण, किट कुठल्या कपाटात आहे आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची?